पायपर्स क्रीकचा काठ आणि वरचा एक रस्ता: सिअ‍ॅटलचं एक प्रकरण

ओढ्याचा काठ ढासळायला लागला की सगळे आधी काठाकडेच बघतात. दगडाचं पिचिंग करा, गॅबियन म्हणजे दगड भरलेल्या तारेच्या जाळ्या लावा, काँक्रीटची भिंत घाला, आणि ते सगळं केलं की थोड्या वर्षांनी भिंत जिथे संपते तिथून पुढे पाणी नव्याने काठ खायला लागतं, मग भिंत अजून लांबवा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. काठ तुटतो खाली, पण त्याला तोडणारं पाणी तयार होतं वर, छपरांवर, रस्त्यांवर, पार्किंगमध्ये, आणि तिथे कोणी हात लावत नाही कारण तिथे ढासळलेलं काही दिसतच नाही. सिअ‍ॅटल शहराने एका ओढ्याच्या बाबतीत वर हात घालून बघितला आणि त्याची मोजमापं पण ठेवली, त्यामुळे काय जमलं आणि कुठे कमी पडलं हे दोन्ही कळतं, म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर लिहितोय.

ओढा आणि त्याच्या वरची वस्ती

पायपर्स क्रीक हा अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला, सिअ‍ॅटलच्या वायव्य भागातला छोटासा ओढा. पाणलोट साधारण अठराशे एकर, म्हणजे सव्वासात चौरस किलोमीटर. वरचा भाग बऱ्यापैकी सपाट, तिथे घरं, दुकानं, रस्ते. मग जमीन एकदम खाली उतरते आणि ओढा कारकीक पार्कच्या घळीतून वाहत प्यूजेट साउंडला, म्हणजे समुद्राला जाऊन मिळतो. पार्कात फिरणाऱ्या माणसाला हा ओढा अगदी नैसर्गिक वाटेल, दोन्ही बाजूला गर्द झाडी, नोव्हेंबरच्या आसपास चम जातीचे सामन मासे समुद्रातून वर चढून येतात, ते बघायला लोकांची गर्दी होते. पण ओढ्यात येणारं पाणी मात्र शहराचं आहे.

शहराचा हा उत्तर भाग १९५४ मध्ये सिअ‍ॅटलच्या हद्दीत आला. त्याआधी तो शहराबाहेरचा असल्यामुळे तिथले बरेच रस्ते साधेच होते, ना कर्ब (रस्त्याच्या कडेचा उंच काठ) ना फुटपाथ, कडेला खणलेला नाला आणि प्रत्येक घराच्या ड्राइव्हवेखाली एक पाइप. पाऊस पडला की पाणी कुठेतरी तुंबणार, चिखल होणार, पोरं रस्त्यावरून चालत शाळेत जाणार. लोकांना फुटपाथ हवे होते, पाण्याचा नीट निचरा हवा होता, आणि यात त्यांचं काहीच चुकत नव्हतं. पण निचरा म्हणजे नेहमीचा निचरा, कर्ब, गटर, जमिनीखाली पाइप, तो जितका चांगला करावा तितकं पाणी ओढ्यात लवकर पोचणार. मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते इथेच, कारण वरच्या माणसाची सोय आणि खालच्या काठाचं नुकसान हे एकाच पाइपाने जोडलेलं होतं आणि तरी दोन्ही प्रश्न वेगवेगळ्या टेबलांवर असायचे.

आता खालची जमीन बघा. हा सगळा प्रदेश हिमनद्यांनी घडवलेला. वर हिमनदीच्या वजनाने दाबून कडक झालेला थर, त्याच्याखाली वाळूचा जाड थर, त्याखाली चिकणमाती. घळ या थरांना कापत खाली गेलेली आहे. वाळूतून मुरलेलं पाणी चिकणमातीवर येऊन अडतं आणि उतारावर झऱ्यासारखं बाहेर पडतं, तिथे दरडी सुटतात. म्हणजे ओढ्याला जे काठ मिळाले त्यातला बराच भाग वाळू आणि सैल मालाचा. असा काठ हळू पाण्यात शेकडो वर्षं टिकेल, जोराच्या पाण्यात मात्र धरून राहायला त्याच्यात फारसं काही नाही, मुळं आहेत तेवढीच.

काठ नक्की तुटतो कसा

सिअ‍ॅटलला वर्षाला साधारण ९४० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक ऑक्टोबर ते मार्चमध्ये, आणि तो धो धो नसतो, रिपरिप असते, दिवसचे दिवस. जंगल होतं तेव्हा या पावसातला काही भाग पानांवरूनच उडून जायचा, बाकीचा जमिनीवरच्या कुजलेल्या पानांच्या स्पंजसारख्या थरात शिरून मातीतून हळूहळू ओढ्याकडे सरकायचा. जमिनीवरून वाहणारं पाणी फार क्वचित. ओढा सावकाश चढायचा आणि सावकाश उतरायचा.

त्या जागी डांबर आणि छप्पर आलं की हिशोब एकदम बदलतो. एक हेक्टर पक्क्या पृष्ठभागावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर ते अडीच लाख लिटर पाणी होतं, आणि पाइप असला तर ते काही मिनिटांत ओढ्यात हजर. बरं, लोकांना वाटतं की नुकसान मोठ्या पुरात होतं. मोठा पूर जंगल असतानाही यायचाच, ओढ्याचं पात्र त्याला सरावलेलं असतं. शहर झाल्यावर सगळ्यात जास्त फरक पडतो तो लहान पावसात. जो पाऊस पूर्वी ओढ्याला कळायचा पण नाही तो आता दरवेळी एक छोटी लाट घेऊन येतो, आणि काठ हलवायला पुरेल असा जो प्रवाह पूर्वी वर्षा-दोन वर्षांतून एखादवेळी यायचा तो आता एकाच हिवाळ्यात कितीतरी वेळा येऊन जातो. काठाला सावरायला, मुळं धरायला, ओल उतरायला मधे वेळच राहत नाही.

आकड्यात बघायचं तर समजा पाणी अर्धा मीटर खोल आहे आणि तळाचा उतार शंभराला दोन आहे. वाहतं पाणी तळाला जी ओढ लावतं ती साधारण पाण्याचं वजन गुणिले खोली गुणिले उतार, म्हणजे इथे चौरस मीटरला ९८ न्यूटनच्या आसपास. मुठीएवढा, साठेक मिलिमीटरचा गोटा हलायला साधारण ४५ न्यूटन पुरतात. आणि सुट्टी बारीक वाळू तर एका न्यूटनच्याही आत हलते. म्हणजे घळीसारख्या उताराच्या ओढ्यात पाव मीटर पाण्यातच गोटे हलायच्या बेतात येतात, वाळूचा काठ तर त्याच्या कितीतरी आधी सुटायला लागतो. हे गणित एकदा मनात बसलं की काठावर नुसती लव्हाळी लावून किंवा चार दगड टाकून काय होणार हे विचारावंच लागत नाही.

तुटण्याची पद्धत पण बघण्यासारखी आहे. पाणी काठाच्या वरच्या कडेला हात लावत नाही, ते पायथा खातं. पायथ्याशी कपार होते, वरचा माल अधांतरी लटकतो, झाडाची मुळं दाढीसारखी हवेत लोंबतात. मग पाणी भराभर उतरतं. काठ आतून भिजून जड झालेला असतो, समोरून पाण्याचा जो आधार होता तो गेलेला असतो, आणि काठाचा मोठा ढेकूळ झाडासकट खाली बसतो. बऱ्याचदा हे पाऊस थांबल्यावर होतं, म्हणून लोक म्हणतात पूर तर गेला, आता कसं काय कोसळलं. पुढच्या लाटेने तो कोसळलेला माल वाहून नेला की पायथा पुन्हा उघडा.

त्यात शहराचं पाणी तुलनेने गाळ कमी असलेलं, कारण वर उघडी माती उरलेलीच नसते. गाळ वाहून न्यायची ताकद शिल्लक आणि वाहायला गाळ नाही, मग ओढा तो स्वतःच्या तळातून आणि काठातून घेतो. आधी तळ खोल जातो, खोल गेला की काठ उंच आणि उभे होतात, उभे झाले की पडतात आणि पात्र रुंद होतं. तळ जिथे एकदम खाली उतरतो ती पायरी ओढ्यातून वरच्या दिशेने सरकत जाते, त्यामुळे ज्या भागात काल काही नव्हतं तिथे आज सुरू होतं. सुटलेली वाळू-माती खाली जाऊन सामनने जिथे अंडी घातली त्या गोट्यांच्या फटी बुजवते, अंड्यांना ऑक्सिजन मिळत नाही. काठाचं दुखणं असं माशापर्यंत जातं. १९९९ मध्ये प्यूजेट साउंडच्या चिनूक सामनला अमेरिकेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षण मिळालं तेव्हा सिअ‍ॅटलसारख्या शहराला आपल्या ओढ्यांकडे दुर्लक्ष करणं एकदम अवघड झालं, आणि पुढचं सगळं त्याच सुमारास घडलं.

याच भागातल्या ओढ्यांवर युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या डेरेक बूथ यांनी १९९० च्या दशकात बरंच काम केलंय. त्यांचं आणि त्यांच्या सहकाऱ्याचं १९९७ चं म्हणणं असं की पाणलोटातली दहा टक्क्यांच्या आसपास जागा पक्की होऊन थेट ओढ्याला जोडली गेली की पात्र अस्थिर झालेलं दिसायला लागतं. आता हे दहा टक्के म्हणजे दगडावरची रेघ समजू नये, त्याच्या खाली पण नुकसान होतंच. यात महत्त्वाचं आहे ते थेट जोडलेलं असणं. छपराचं पाणी बागेत पडून मुरलं तर ते छप्पर ओढ्याला जवळजवळ कळत नाही, तेच पन्हाळ पाइपाला जोडलं की प्रत्येक सर ओढ्यापर्यंत जाते.

तळी बांधून का भागत नाही

यावर नेहमीचा उपाय म्हणजे पाणी अडवणारं तळं, जमिनीवर नाहीतर जमिनीखाली टाकी. पाणी साठवायचं आणि छोट्या भोकातून हळू सोडायचं. लाटेची उंची कमी होते, पूल-मोऱ्या वाचतात, हे खरं. पण पाणी तेवढंच राहतं, फक्त जास्त वेळ वाहतं, आणि तो सोडलेला प्रवाह जर वाळू हलवायला पुरेसा असेल तर आधी दोन तास काठ घासला जायचा तिथे आता दहा तास घासला जातो. लाट उतरवली म्हणून इंजिनिअर खूश आणि काठ पूर्वीपेक्षा वाईट, असं होऊ शकतं.

वॉशिंग्टन राज्याच्या पर्यावरण खात्याच्या पश्चिम भागासाठीच्या स्टॉर्मवॉटर मॅन्युअलमध्ये म्हणूनच नियम प्रवाहाच्या कालावधीवर बांधलाय. नवीन बांधकामानंतर, दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या प्रवाहाच्या निम्म्यापासून ते पन्नास वर्षांतून एकदा येणाऱ्या प्रवाहापर्यंत, प्रत्येक पातळीवर पाणी जितका वेळ राहील तो वेळ मूळच्या, साधारणपणे जंगल असतानाच्या स्थितीपेक्षा जास्त नको. निम्म्यापासून का, तर साधारण तिथून पुढे तळ आणि काठाचा माल हलायला लागतो असं धरलेलं आहे. काठ वाचवायच्या दृष्टीने मला हा नियम फार विचार करून केलेला वाटतो, कुठल्याही शहराने नुसत्या सर्वोच्च प्रवाहाचा नियम ठेवण्याआधी हा एकदा वाचावा. पण अडचण अशी की नियम लागतो नव्या बांधकामाला आणि मोठ्या फेरबांधणीला. पायपर्स क्रीकच्या वरची वस्ती तर कधीच बांधून झालेली. तिथे तळ्याला जागा कुठून आणणार, घरं पाडून?

जागा होती ती एकच, रस्त्याची कड. ती शहराच्या मालकीची, सगळीकडे पसरलेली, आणि नाहीतरी तिथे काम करायचंच होतं.

एका ब्लॉकचा रस्ता

सिअ‍ॅटल पब्लिक युटिलिटीज या शहराच्या पाणी-ड्रेनेज खात्याने सेकंड अव्हेन्यू नॉर्थवेस्टचा ११७ आणि १२० नंबरच्या रस्त्यांमधला एक लांब ब्लॉक निवडला, लांबी ६६० फूट, साधारण दोनशे मीटर. रस्ता आणि दोन्ही बाजूची घरं धरून पाणी येणारं क्षेत्र २.३ एकर. काम २००१ मध्ये पूर्ण झालं. नाव दिलं स्ट्रीट एज ऑल्टरनेटिव्हज, म्हणजे थोडक्यात सी स्ट्रीट.

त्यांनी काय केलं तर सरळ रुंद रस्ता काढून टाकला आणि त्या जागी १४ फुटांचा, नागमोडी रस्ता केला. कर्ब उंच नाही, दोन्ही कडांना रस्त्याच्याच पातळीला सपाट काँक्रीटची पट्टी, म्हणजे फायर ब्रिगेडची गाडी आली तर चाक पट्टीवर चढू शकतं आणि पाणी पण कुठेही न अडता सरळ कडेला उतरतं. फुटपाथ एकाच बाजूला. पार्किंग ब्लॉकभर न ठेवता ठिकठिकाणी गोळा केलेलं. एवढ्यानेच पक्का पृष्ठभाग नेहमीच्या रस्त्यापेक्षा ११ टक्के कमी झाला.

मोकळ्या झालेल्या जागेत चर. हे चर म्हणजे गटार नव्हे, रुंद, उथळ, सौम्य उताराचे खोलगट पट्टे, खालची माती बदलून त्यात कंपोस्ट मिसळलेली, मधे मधे छोटे अडसर म्हणजे पाणी एका खोलगट भागात थांबेल, तो भरला की पुढच्यात जाईल. ड्राइव्हवेखालून पाइप एकाला दुसऱ्याशी जोडतो. शंभरावर सदाहरित झाडं आणि अकराशे झुडपं लावली. झाडं सदाहरित का, कारण इथला पाऊस हिवाळ्यात पडतो, तेव्हा पानगळीचं झाड उघडं असतं आणि पाऊस धरायला त्याच्यावर पानच नसतं. असा बारीक बारीक विचार केलेला असला की डिझाइनवर विश्वास बसतो. चर भरून वाहिलाच तर शेवटी जास्तीचं पाणी ड्रेनेजला जायची सोय आहेच, ती ठेवावीच लागते.

काही चरांच्या तळाला मात्र पाणी मुरूच नये म्हणून चिकणमातीचं अस्तर दिलंय. हे वाचून सुरुवातीला उलटं वाटतं, पण त्या ठिकाणी घरांची तळघरं जवळ होती, मुरलेलं पाणी लोकांच्या तळघरात निघालं असतं. तिथे चर फक्त पाणी रेंगाळायला लावतो, झाडं त्यातलं काही पितात, बाकीचं पुढच्या चरात. आधी सांगितलेली वाळू-चिकणमातीची गोष्ट इथे पण लागू पडते, घळीच्या अगदी कडेला पाणी मुरवलं तर ते उतारातून बाहेर येऊन दरड पाडू शकतं. काठ वाचवायला जाऊन कडा पाडायचा असं व्हायला नको, म्हणून कुठे जिरवायचं आणि कुठे नुसतं थोपवायचं हे जमीन बघूनच ठरवायचं.

मोजलं तेव्हा काय दिसलं

युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या रिचर्ड हॉर्नर आणि त्यांच्या टीमने काम व्हायच्या आधीपासून पाणी मोजलं. हे मला सगळ्यात आवडलेलं. आधीचं मोजमाप नसेल तर नंतरच्या आकड्याला काही अर्थच राहत नाही, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं तेच केलेलं नसतं, काम झाल्यावर फोटो काढतात.

निष्कर्ष असा की ब्लॉकमधून बाहेर जाऊ शकणाऱ्या पाण्यात ९९ टक्के घट. झाडं मोठी होत गेली, माती भुसभुशीत होत गेली तसं ते सुधारत गेलं, आणि डिसेंबर २००२ नंतर त्यांच्या मोजणीच्या काळात ब्लॉकमधून पाणी बाहेर आल्याची नोंदच नाही. त्याच काळात २० ऑक्टोबर २००३ येऊन गेला, शहराजवळच्या सी-टॅक विमानतळावर त्या एका दिवसात ५.०२ इंच, म्हणजे साधारण १२७ मिलिमीटर पाऊस झाला, तिथल्या नोंदीतला सगळ्यात जास्त पावसाचा दिवस.

खर्चाचं पण बघू. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, ईपीएने, २००७ मध्ये अशा कामांची तुलना छापली, त्यात या ब्लॉकवर नेहमीच्या पद्धतीने रस्ता-गटर-पाइप करायला ८,६८,८०३ डॉलर आणि सी स्ट्रीटच्या पद्धतीने ६,५१,५४८ डॉलर असे आकडे आहेत, म्हणजे पाव हिस्सा वाचला. एक लक्षात ठेवायचं, ही तुलना रस्ता नाहीतरी नव्याने करायचाच होता असं धरून आहे. चांगला रस्ता फोडून मुद्दाम चर करायला गेलं तर हे गणित लागू नाही. म्हणून ज्या रस्त्यांची दुरुस्ती ठरलेलीच आहे त्यांची यादी घेऊन बसणं हा पैशाच्या दृष्टीने सगळ्यात शहाणा मार्ग.

आता अठराशे एकरांचा प्रश्न

इथपर्यंत वाचून सगळं छान वाटतं, आणि याच जागी बरेच लोक थांबतात. मी थांबणार नाही, कारण आपला विषय काठ आहे. सी स्ट्रीटने २.३ एकर सांभाळले. पाणलोट अठराशे एकर. म्हणजे साधारण आठशेतला एक हिस्सा. त्या ब्लॉकमधून एक थेंब बाहेर आला नाही तरी खाली घळीतल्या काठाला ते जाणवणं शक्य नाही, बाकीचे सातशे नव्व्याण्णव हिस्से पूर्वीसारखेच आदळतायत. रस्त्यावरचं यश शंभर नंबरी आहे, पण ते काठावरचं यश म्हणून सांगितलं तर ती दिशाभूल होईल.

शहराला हे कळत होतं. २००३ मध्ये त्याच पाणलोटात नॉर्थवेस्ट ११० व्या रस्त्यावर चार ब्लॉकचं काम झालं, तिथे उतार जास्त म्हणून पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी डबकी केली. मग २००४ मध्ये ब्रॉडव्ह्यू ग्रीन ग्रिड, पंधरा ब्लॉक, साधारण ३२ एकर. त्याच वर्षी या नैसर्गिक ड्रेनेजच्या कामाला हार्वर्डचा सरकारी नवकल्पनांसाठीचा पुरस्कार मिळाला. तरी ३२ एकर म्हणजे पाणलोटाच्या दोन टक्क्यांच्याही आत. थेंबे थेंबे तळे साचे हे खरं, पण किती थेंब लागणार हे आधी मोजलं पाहिजे.

याची दुसरी बाजू ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीच्या शेफर्ड क्रीकमध्ये दिसते. तिथे पाणलोट लहान, पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास. ईपीएने २००७ आणि २००८ मध्ये घरमालकांकडून बोली मागवली, तुमच्या आवारात रेन गार्डन (पावसाचं पाणी जिरवणारा खोलगट वाफा) किंवा पाण्याचं पिंप बसवू द्यायला किती पैसे घ्याल. लोकांनी भरभरून साथ दिली, ८३ रेन गार्डन आणि १७६ पिंपं बसली. आणि ओढ्यात? प्रवाहात थोडा, मोजता येण्याइतका फरक पडला, ओढ्यातल्या जीवसृष्टीत म्हणण्यासारखी सुधारणा दिसली नाही. कारण शोधायला लांब जायला नको, घरांचं पाणी अडलं पण थेट पाइपाला जोडलेले रस्ते आणि मोठे पक्के भाग तसेच राहिले. लोक तयार असणं ही मोठी गोष्ट आहे, पण पाणी जिथून जास्त येतंय तिथे ते अडायला हवं. या दोन्ही ठिकाणांचं मिळून मला जे दिसतं ते असं की सिअ‍ॅटलने योग्य जागा पकडली, रस्ता, पण सुरुवात लहान, आणि सिनसिनाटीने विस्तार बरा पकडला पण जागा अर्धीच. काठ स्थिर व्हायला दोन्ही लागतं.

बॅलर्डमध्ये पाणी का साचलं

सिअ‍ॅटलच्याच बॅलर्ड भागात २०१० मध्ये रस्त्याकडेला रेन गार्डन केली, तिथला हेतू काठाचा नव्हता, सांडपाण्याचे पाइप पावसात ओसंडू नयेत हा होता, पण पद्धत तीच. त्यातल्या काहींमध्ये पाणी जिरलंच नाही. दिवसेंदिवस डबकं साचून राहिलं, रहिवासी भडकले, लहान मुलांची काळजी, डासांची काळजी, आणि शेवटी काही गार्डन काढावी लागली, काहींची दुरुस्ती करावी लागली. मूळ कारण जमीन. काही जागी माती तेवढं पाणी घेतच नव्हती.

म्हणून मातीची टेस्ट प्रत्येक जागी करायची. एका ब्लॉकमधला एक खड्डा आणि त्यावरून पंधरा ब्लॉकचं डिझाइन असं चालत नाही, हिमनदीच्या जमिनीत तर वीस मीटरवर थर बदलतो. आणि टेस्ट पावसाळी महिन्यांत करायची, जमीन आधीच तृप्त असताना, कारण काम तर तिला तेव्हाच करायचंय. उन्हाळ्यात कोरडी माती पाणी गटागट पिते आणि आपल्याला भलताच उत्साह येतो. दुसरं म्हणजे लोकांशी बोलणं, सी स्ट्रीटला रहिवासी सुरुवातीपासून चर्चेत होते, काय लावायचं, गाड्या कुठे उभ्या करायच्या हे त्यांच्याबरोबर ठरलं, त्यामुळे पुढे झाडांची निगा पण त्यांनी आपली मानली. ज्याच्या दारात चर होणार त्याला आधी कळलं पाहिजे की दोन दिवस पाणी दिसेल, तिसऱ्या दिवशी दिसलं तर फोन करा.

मग खालच्या काठाचं काय करायचं

वरचं काम व्हायला वर्षं जाणार, तोवर काठ पडत राहणार, हे मान्य करूनच खालचं काम ठरवावं लागतं. जिथे पायवाट, पाइपलाइन किंवा घर धोक्यात आहे तिथे पायथा बांधून घ्यावाच, पण शक्य तिथे मुळांसकट आडवे टाकलेले ओंडके, मोठे दगड आणि काठावर स्थानिक विलोची झाडं अशा पद्धतीने, म्हणजे पाण्याचा जोर मोडेल आणि पुढच्या वळणावर जाऊन आदळणार नाही. सरळ गुळगुळीत भिंतीवरून पाणी अजून जोरात पुढे जातं. तळ खाली सरकत असेल तर आधी तळ धरायचा, नाहीतर काठावर केलेलं सगळं तळाबरोबर खाली येतं. आणि जिथे काहीच धोक्यात नाही तिथे ओढ्याला रुंद होऊ द्यावं असं माझं मत, त्याला नव्या पाण्याप्रमाणे पात्र करून घ्यायचंय, ते तो करणारच.

मोजमाप मात्र काठावर पण हवं. ठरलेल्या जागांवर दरवर्षी पात्राचा आडवा छेद घ्यायचा, काठात आडव्या सळया ठोकून ठेवायच्या आणि किती सळई उघडी पडली ते बघायचं, स्वस्तातलं काम आहे. शेजारचा एखादा असाच ओढा, जिथे काही केलेलं नाही, तो पण मोजायचा, नाहीतर दोन कोरडे हिवाळे आले आणि आपल्याला वाटेल उपाय लागू पडला. त्याच्याबरोबर वर किती एकर पाइपापासून तुटले याची बेरीज ठेवायची, अंदाज नको, रस्त्यावर जाऊन बघून.

एक गोष्ट काठाशी थेट संबंधित नाही पण सांगायलाच हवी. या भागातल्या शहरी ओढ्यांमध्ये कोहो सामन पाऊस पडला की अंडी घालण्याआधीच तडफडून मरत, कितीतरी वर्षं कारण सापडत नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये वॉशिंग्टनमधल्या संशोधकांच्या टीमने दाखवलं की टायरच्या रबरातल्या एका रसायनापासून हवेतल्या ओझोनमुळे जो पदार्थ बनतो तोच या माशांना मारतो. रस्त्याचं पाणी कंपोस्ट मिसळलेल्या मातीतून गाळलं तर मासे जगतात हे प्रयोगात त्याआधीच दिसलेलं होतं. म्हणजे काठासाठी केलेला चर माशासाठी पण उपयोगी पडतो, आणि टाकी किंवा काँक्रीटचं तळं यातलं काही करत नाही.

शेवटी निगा, कारण इथेच चांगली कामं मरतात. जिथे कर्ब उंच ठेवून त्यात फक्त फटी ठेवलेल्या असतात तिथे पानं आणि वाळू त्या फटीत अडकते, एक मूठभर पाला पुरतो, आणि पाणी चरात न शिरता कर्बच्या कडेने सरळ पुढच्या जाळीत जातं. वरून बघणाऱ्याला चर हिरवागार दिसतो, ओढ्याला मात्र तो चर आहे हे कळत पण नाही. सी स्ट्रीटची सपाट कड इथे फार कामाची, पाणी सगळीकडून उतरतं म्हणून एखादी जागा बुजल्याने अडत नाही. जिथे फटी ठेवाव्याच लागतात तिथे पानगळ सुरू झाल्यावर, पहिल्या मोठ्या पावसाच्या आत, त्या साफ करायची जबाबदारी कोणाची आणि पैसे कुठल्या खात्यातून हे टेंडर निघण्याआधी कागदावर यायला हवं, आणि दर काही वर्षांनी चराच्या तोंडाशी साचलेला गाळ काढायचा खर्च पण त्यातच धरायला हवा.